स्कूबा समाविष्ट

सांगलीला समुद्र नाही, पण समुद्राखाली जाण्याची तिकिटे सांगलीत खपतात. विश्रामबागेत नाहीतर शंभर फुटी रोडला एखाद्या सहलवाल्याच्या ऑफिसात बसा. फुकेत, बाली, मालदीव अशी पत्रके टेबलावर पडलेली असतात आणि कार्यक्रमाच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी एक ओळ असते : न्याहारी, बेटांची सफर, स्कूबा समाविष्ट. शेवटचे दोन शब्द वाचून नवविवाहित जोडपी खूश होतात. वकिलाने ते वाचले तर तो आधी पावती मागेल.

कारण या दोन शब्दांमागे माणसांची लांब साखळी असते. सांगलीतला एजंट सहल विकतो. ती बांधलेली असते मुंबई-पुण्याच्या मोठ्या कंपनीने. त्या कंपनीचे काम फुकेतमधली एखादी स्थानिक कंपनी पाहते, ती ठरलेल्या डाइव्ह सेंटरकडे माणसे पाठवते आणि डाइव्ह सेंटर कधी स्वतः सिलिंडर भरते, कधी दुसऱ्याकडून भरून आणते. साखळीच्या टोकाला एक कॉम्प्रेसर आणि तो चालवणारा पोऱ्या. पाण्याखाली आपण जो श्वास घेणार तो त्या पोऱ्याने सकाळी भरलेला असतो. हवा खराब निघाली आणि माणूस दगावला किंवा कायमचा अधू झाला, तर जाब कुणाला विचारायचा?

आधी हवा खराब होते कशी ते पाहू. ऑक्सिजनचे सिलिंडर म्हणतात खरे, पण करमणुकीच्या डायव्हिंगमध्ये पाठीवर बहुतेक वेळा साधी हवाच असते, तुमच्या-आमच्या खोलीतली, दोनशे बारच्या दाबाने कोंडलेली. बारा लिटरच्या सिलिंडरमध्ये अशी सुमारे चोवीसशे लिटर हवा मावते. कॉम्प्रेसर जवळपासची हवा ओढतो, टप्प्याटप्प्याने दाबतो, फिल्टरमधून काढतो आणि सिलिंडरमध्ये भरतो. जे ओढले तेच भरले जाणार. बोटीवरचा कॉम्प्रेसर पुष्कळदा पेट्रोलच्या इंजिनावर चालतो. हवा ओढणारी नळी वाऱ्याच्या बाजूला आणि इंजिनाचा धूर दुसऱ्या बाजूला, अशी मांडणी करून काम सुरू होते. नांगरलेली बोट वारा बदलला की फिरते, आणि भरणारा पोऱ्या तेवढ्यात चहाला गेलेला असतो. दुसरा प्रकार आणखी छुपा आहे. कॉम्प्रेसर विजेवरचा असला, आसपास धूर नसला, तरी आत वंगणाचे तेल असतेच. यंत्र फार तापले की ते तेल अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड यंत्रातच तयार होतो. तो अडवायला फिल्टरमध्ये हॉपकॅलाइट नावाचे मिश्रण घालतात, मँगनीज आणि तांब्याच्या ऑक्साइडांचे. ते कार्बन मोनॉक्साइडचे कार्बन डायऑक्साइड करते, पण दमट झाले की निकामी होते. उष्ण, दमट बेटावर फिल्टर ठरल्या तासांच्या आधीच संपतो आणि नवा फिल्टर महाग असतो. पुढचे सांगायला नको.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशे ते अडीचशे पट जोराने चिकटतो. म्हणूनच मानके कडक आहेत. ईएन १२०२१ या युरोपीय मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीप्रमाणे श्वसनाच्या हवेत दहा लाख भागांत पाच भागांपेक्षा जास्त कार्बन मोनॉक्साइड चालत नाही. अमेरिकेत वापरली जाणारी ‘ग्रेड ई’ची मर्यादा दहा भागांची आहे.

जमिनीवर दहा-वीस भागांनी कुणाला फारसे काही होत नाही. मग एवढी काटेकोर मर्यादा कशासाठी, हे समजायला समुद्रावर जायची गरज नाही, जत-आटपाडीची विहीर पुरते. सबमर्सिबल पंप येण्याआधी दुष्काळी पट्ट्यात डिझेल इंजिन काठावर न ठेवता विहिरीत कट्टा करून खाली उतरवावे लागे. त्यात शेतकऱ्याची हौस नव्हती. पंप पाणी ‘ओढतो’ असे आपण म्हणतो, पण खरे तर बाहेरच्या हवेचा दाब ते वर ढकलतो आणि तो दाब फार तर सव्वादहा मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ पेलतो. प्रत्यक्षात सात-आठ मीटरलाच पंप दमतो. पाणी खोल गेले की इंजिन त्याच्या मागोमाग खाली जाणार, धूर विहिरीत कोंडणार आणि इंजिन बंद करायला किंवा फूटव्हॉल्व्ह पाहायला उतरलेला माणूस चक्कर येऊन पडणार. त्याला काढायला उतरलेला भाऊही तिथेच. अशा बातम्या आपल्या भागाला नव्या नाहीत.

तोच दहा मीटरचा हिशेब समुद्रात उलट्या बाजूने लागतो. दर दहा मीटर खोलीला हवेच्या एका वातावरणाएवढा दाब वाढतो. तीस मीटरवर एकूण दाब चौपट, म्हणून सिलिंडरमधले वीस भाग शरीराला ऐंशी भागांसारखे लागतात. यात एक फसवी गंमत आहे. खोल पाण्यात ऑक्सिजनचाही दाब चौपट झालेला असतो, तो थेट रक्तद्रवात विरघळून शरीराला काही काळ सांभाळून घेतो. माणूस वर येऊ लागला की ती मदत ओसरते, हिमोग्लोबिन मात्र अडकलेलेच राहते. म्हणून खाली ठीक असलेला माणूस वर येता येता किंवा पृष्ठभागावर आल्यावर बेशुद्ध पडू शकतो. सौम्य प्रकारात डोके दुखते, मळमळते, गरगरते. बोटीवरचे लोक म्हणतात, “बोट लागली असेल, लिंबू चोखा.” पहिल्यांदाच समुद्रावर आलेल्या सांगलीकरालाही ते पटते.

पहिल्यांदा पाण्यात उतरणाऱ्या हौशी पर्यटकाला सहसा दहा-बारा मीटरच्या पुढे नेत नाहीत, म्हणून त्याचा धोका कमी. कोर्स करून प्रमाणपत्र घेतलेली मुले अठरा, तीस मीटर जातात. पुण्यात नोकरी करणाऱ्या सांगली-साताऱ्याच्या तरुणांत अशांची संख्या वाढते आहे.

आता कायदा. त्यातला खरा पेच पुराव्याचा आहे, आणि त्याबद्दल वकीलही कमी बोलतात. कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा झाल्याची शंका आली तर पहिला आणि योग्य उपचार म्हणजे शुद्ध ऑक्सिजन. साध्या हवेत रक्तातले प्रमाण निम्मे व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर तास-दीड तास पुरतो. म्हणजे बोटीवर मास्क लावून तीन तासांनी रुग्णालयात पोचेपर्यंत रक्तातला पुरावा पावभर उरतो किंवा तेवढाही उरत नाही. उपचार थांबवा असे कुणी म्हणणार नाही. पण म्हणूनच रक्ताचा नमुना लवकरात लवकर काढायला सांगणे आणि त्यात ‘कार्बोक्सिहिमोग्लोबिन’ मुद्दाम तपासायला लावणे महत्त्वाचे ठरते. करोनात घरोघरी घेतलेले बोटाचे ऑक्सिमीटर इथे उपयोगाचे नाही. त्याला ऑक्सिजन धरलेले आणि कार्बन मोनॉक्साइड धरलेले हिमोग्लोबिन वेगळे ओळखता येत नाही, ते बिनदिक्कत अठ्ठ्याण्णव टक्के दाखवते. मृत्यू झाला असेल तर शवविच्छेदनात ही चाचणी मागायला हवी, नाहीतर अहवालात ‘बुडून मृत्यू’ एवढेच येते आणि दावा तिथेच संपतो.

रक्तापेक्षा टिकाऊ पुरावा म्हणजे सिलिंडर. तो डाइव्ह सेंटरच्या मालकीचा असतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा भरला जातो. व्हॉल्व्ह बंद करून, उरलेला दाब आणि खांद्यावर ठोकलेला क्रमांक टिपून, फोटो काढून तो पोलिसांकडे किंवा निदान त्रयस्थाकडे जाईल एवढे सोबतच्यांनी पाहायला हवे. त्याच सकाळी त्याच यंत्रावर भरलेले दुसरे सिलिंडरही तितकेच मोलाचे. बोटीवर आणखी कुणाचे डोके दुखत होते का, त्यांची नावे आणि फोन घेऊन ठेवावेत. एकाला त्रास झाला तर तब्येतीचा दोष म्हणता येतो, चौघांना झाला तर यंत्राचा. सिलिंडरवरच्या तपासणीच्या शिक्क्याने मात्र कुणी फसू नये. तो शिक्का धातूची ताकद तपासल्याचा असतो, आतल्या हवेचा नव्हे.

पुरावा हाती आहे असे धरू. दावा कुठे लावायचा? स्वाभाविक उत्तर, जिथे घडले तिथे. फुकेतच्या न्यायालयात डाइव्ह सेंटरवर दावा लावता येतोही. पण तिथला वकील, तिथली भाषा, तारखांना विमानाची तिकिटे, आणि शेवटी ज्याच्याविरुद्ध निकाल लागेल त्याच्याकडे दोन बोटी आणि एक शेड. भारतात परदेशी डाइव्ह सेंटरवर निकाल मिळवला तरी तो तिथे वसूल करणे त्या देशाच्या कायद्यावर अवलंबून. म्हणून माझे मत स्पष्ट आहे : सांगलीतल्या कुटुंबाने परदेशातल्या कॉम्प्रेसरमागे धावण्याआधी सांगलीतली पावती धरावी. सहल इथे विकली, पैसे इथे घेतले, ‘समाविष्ट’ हे आश्वासन इथे दिले.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ या बाबतीत जुन्या १९८६ च्या कायद्यापेक्षा खूप उदार आहे. कलम ३४ प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, म्हणजे कंपनीचे मुख्य कार्यालय मुंबईत असले तरी सांगलीत. आयोगाची आर्थिक मर्यादा मागितलेल्या भरपाईवर नाही, दिलेल्या मोबदल्यावर ठरते. जिल्हा आयोगाची मर्यादा सध्या पन्नास लाखांच्या मोबदल्याची आहे. दोघांच्या अडीच लाखांच्या सहलीतून मागणी कोटीची उभी राहिली तरी तक्रार सांगलीतच चालते. या तरतुदीला आव्हान दिले गेले होते, सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये ती वैध ठरवली. आणि कायद्याच्या व्याख्येत सेवेतल्या ‘उणिवे’त निष्काळजीपणा तर आहेच, शिवाय महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणेही आहे.

याच कायद्यात उत्पादन दायित्वाचे नवे प्रकरण आहे आणि त्यातली व्याख्या वाचताना मी दोनदा थांबलो. ‘उत्पादन’ घन, द्रव किंवा वायुरूप असू शकते असे तिथे स्पष्ट लिहिले आहे. भरून विकलेली हवा त्या व्याख्येत बसते, असे मला वाटते. त्याहून कामाचे कलम ८६. उत्पादकाची ओळखच पटत नसेल, किंवा त्याच्यावर नोटीस बजावता येत नसेल, तो भारताच्या कायद्याखाली येत नसेल, त्याच्याविरुद्धचा आदेश अमलात आणता येत नसेल, तर विक्रेता जबाबदार धरता येतो. परदेशी उत्पादकामागे दडणाऱ्या भारतीय विक्रेत्यासाठीच जणू ही तरतूद केली आहे. सहल कंपनीचा वकील यावर म्हणेल की आम्ही हवा विकत नाही, सेवा देतो, हवा ही आनुषंगिक गोष्ट, आणि सेवेत आनुषंगिक वापरलेल्या वस्तूसाठी कायद्याने आम्हाला ‘विक्रेता’ या व्याख्येतून वगळले आहे. हा बचाव लेचापेचा नाही. म्हणून तक्रारीत उत्पादन दायित्व आणि सेवेतली उणीव दोन्ही मांडावीत, एकावर अवलंबून राहू नये.

एजंटाचे ठरलेले उत्तर वेगळे असते : “साहेब, आम्ही फक्त मध्यस्थ. पुढे काय झाले त्याला आम्ही जबाबदार नाही.” पावतीच्या मागे बारीक अक्षरात हेच छापलेले असते. इथे १८७२ चा करार कायदा कामी येतो. त्याच्या कलम २३० प्रमाणे एजंट आपल्या मालकाच्या वतीने केलेल्या कराराला स्वतः बांधील नसतो, हे खरे. पण त्याच कलमात अपवाद आहेत. एजंटाने मालकाचे नाव उघड केले नसेल, किंवा उघड केलेल्या मालकावर दावाच लावता येत नसेल, तर तो स्वतः बांधील आहे असे गृहीत धरले जाते. आता पत्रक पुन्हा पाहा. त्यात डाइव्ह सेंटरचे नाव आहे का? बहुतेक वेळा नसते, कारण स्वस्त पडेल तिथे माणसे पाठवायची मोकळीक वरच्या कंपनीला हवी असते. ती मोकळीक सांगलीतल्या एजंटाच्या गळ्याशी येऊ शकते, आणि बिचाऱ्याला त्याची कल्पनाही नसते.

सहल विकणाऱ्याची जबाबदारी कुठवर पोचते यावर ब्रिटनमध्ये २०२१ साली दोन महत्त्वाचे निकाल लागले. कुओनी कंपनीची सहल घेऊन श्रीलंकेला गेलेल्या एका महिलेवर हॉटेलच्या कर्मचाऱ्याने अत्याचार केला होता. घटना २०१० ची. कंपनीचे म्हणणे, हॉटेल आमचे नाही, नोकर आमचा नाही. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले : सहल म्हणून जे विकले ते नीट पुरवण्याची जबाबदारी विकणाऱ्याची, पुरवणारा दुसरा असला तरी. त्याच वर्षी कैरोच्या नाईल प्लाझा हॉटेलच्या खटल्यात, इजिप्तमधल्या सफरीत मोटारीच्या अपघाताने झालेल्या हानीचे परिणाम पीडितेने इंग्लंडमध्ये भोगले, म्हणून इंग्लंडच्या न्यायालयाला दावा ऐकता येईल असे ठरले. ब्रिटनमध्ये अशा सहलींसाठी स्वतंत्र नियम आहेत, १९९२ पासूनचे, पुढे २०१८ मध्ये बदललेले. आपल्याकडे एवढी माणसे दरवर्षी पॅकेज घेऊन बाहेर जातात आणि त्यासाठी स्वतंत्र कायदा नाही, याचे मला आश्चर्य वाटते. सगळा भार ग्राहक कायद्यावर.

पण आपली न्यायालयेही अशा बाबतीत मवाळ नाहीत. कोवळमच्या समुद्र हॉटेलमध्ये २००६ साली एक पाहुणा तलावात बुडाला. हॉटेल केरळ पर्यटन विकास महामंडळाचे. तलावाच्या जीवरक्षकाकडे त्याच वेळी बारमधले कामही सोपवलेले होते, असे पुढे आले. राष्ट्रीय आयोगाने दिलेली साडेबासष्ट लाखांची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये कायम केली. एका माणसाला दोन कामे देऊन वाचवलेला पगार आणि न बदललेला फिल्टर, यांत कायद्याच्या नजरेने फारसा फरक नाही.

बोटीवर चढण्याआधी एका कागदावर सही घेतात : जे होईल त्याला मी जबाबदार, दावा लावणार नाही. इंग्लंडमध्ये १९७७ च्या कायद्यापासून निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूची किंवा इजेची जबाबदारी व्यावसायिकाला अशा कागदाने झटकता येत नाही. अमेरिकेतल्या काही राज्यांत मात्र तो कागद टिकतो. भारतात त्याचा कस करार कायद्याच्या कलम २३ वर आणि एकतर्फी अटींबद्दलच्या निवाड्यांवर लागेल. सही करताना माणूस समुद्राचे, प्रवाहाचे, स्वतःच्या चुकीचे धोके पत्करतो, हे मान्य. सिलिंडरमध्ये धूर भरलेला असेल हा धोका कुणी पत्करत नाही. शिवाय तो कागद डाइव्ह सेंटरशी असतो. त्यात सांगलीच्या एजंटाचे किंवा मुंबईच्या कंपनीचे नाव नसेल तर त्यांना त्याचा आडोसा घेणे कठीण जाईल.

फौजदारी बाजू थोडक्यात. भारतीय न्याय संहिता भारतीय नागरिकाने परदेशात केलेल्या गुन्ह्याला लागू होते, पण त्याचा खटला इथे चालवायला केंद्र सरकारची परवानगी लागते. फुकेतचा पोऱ्या भारतीय नाही, तो या कक्षेत येतच नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये गायक झुबीन गर्ग यांचा सिंगापूरला मृत्यू झाला तेव्हा पहिल्या बातम्यांत स्कूबाचा उल्लेख होता, पुढे सिंगापूरच्या अधिकाऱ्यांनी पोहताना बुडून मृत्यू असे सांगितले. आसाममध्ये तपास पथक नेमले गेले, दोन देशांत कायदेशीर मदतीचा पत्रव्यवहार झाला. एवढी यंत्रणा सर्वसामान्य कुटुंबामागे उभी राहत नाही. घरच्या पाण्यात गोष्ट वेगळी. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी पर्यटकांची बोट उलटून दोघे गेले. प्रश्न हवेचा नव्हता, बोटीचा होता, पण पोलीस, बंदर खाते, साक्षीदार सगळे मालवणातच होते.

विम्याचे पान उघडायला लोक विसरतात. परदेश प्रवासाच्या साध्या पॉलिसीत साहसी खेळ बहुधा वगळलेले असतात, जादा हप्ता भरून घ्यावे लागतात, आणि त्यातही खोलीची आणि प्रमाणपत्राची अट असते. पॉलिसी एजंटानेच काढून दिली असेल आणि कार्यक्रमात स्कूबा आहे हे माहीत असूनही स्कूबा वगळणारी दिली असेल, तर तीही सेवेतली उणीवच, आणि ती सिद्ध करायला ना रक्त लागते ना सिलिंडर. दोन कागद शेजारी ठेवले की झाले.

मुदत दोन वर्षांची आहे. ग्राहक आयोगासाठी कलम ६९, आणि मृत्यूच्या दाव्यासाठी १८५५ चा जुना घातक अपघात कायदा लावून दिवाणी न्यायालयात जायचे ठरवले तरी दोनच. दिवाणी मार्गाने गेल्यास पुढचे अपील आता मुंबईला न्यावे लागत नाही, १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात आहे आणि सांगली-सातारा त्याच्या कक्षेत येतात. परदेशातला शवविच्छेदन अहवाल, त्याचे भाषांतर, वकिलातीमार्फत होणारे साक्षांकन यांत वर्ष सहज जाते. योग्य कारण दाखवले तर आयोग उशीर माफ करू शकतो, पण त्यावर विसंबणारे कुटुंब विरुद्ध पक्षाच्या वकिलाला पहिला मुद्दा फुकट देते. मिळतील त्या कागदांवर तक्रार आधी दाखल करावी. तिकडचा अहवाल आला की तो जोडण्याची परवानगी आयोगाकडे नंतर मागता येते.